कोकणात पिल्लं काढायची तर कॉर्न स्नेक की बॉल पायथन?

पाळायला सापांची जोडी आणून दोन सीझन झाले तरी पिल्लं नाहीत, मग कॉर्नच ठेवू की बॉल पायथन घेऊ, असं विचारणारे खूप आहेत म्हणून एकदाच सगळं लिहितोय. आपली धामण, अजगर यांचा विषयच नाही, 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे ते घरात ठेवता येत नाहीत.

सगळ्यात आधी जोडी खरंच नर-मादी आहे का ते बघा. देवगडच्या एका मित्राने दोन वर्षं वाट बघितली आणि शेवटी दोन्ही माद्याच निघाल्या. प्रोब, म्हणजे शेपटीच्या मुळाशी बारीक सळई घालून नर-मादी ओळखणं, सापांचा अनुभव असलेल्या डॉक्टरकडूनच करून घ्या, घरी प्रयोग केलात तर सापाला इजा होते.

कॉर्न मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, तिकडे बऱ्यापैकी हिवाळा असतो, म्हणून ब्रीडर लोक जोड लावायच्या आधी त्याला आठ-दहा आठवडे 10 ते 15 डिग्रीत ठेवतात. आमच्या रत्नागिरीत जानेवारीत पहाटे फार तर 18-19 आणि दुपारी परत 30 च्या आसपास! अशा अर्धवट थंडीत माझ्या सापांनी खाणं सोडलं, वजन उतरलं, आणि 14 अंड्यांतली 9 पिवळट, न फळलेली निघाली. पुढच्या वर्षी जुन्या फ्रिजला बाहेरून थर्मोस्टॅट लावून 13 वर ठेवला, रोज दार उघडून हवा दिली, तेव्हा जमलं. काहींचे कॉर्न थंडी न देताही अंडी घालतात, पण मी त्या भरवशावर बसणार नाही. आणि थंडीत ठेवायच्या आधी दोन आठवडे खायला बंद, नाहीतर उंदीर पोटातच कुजतो.

बॉल पायथन आफ्रिकेतला, त्याला एवढी थंडी लागतच नाही, रात्री 23-24 पर्यंत उतरलं आणि दिवसा गरम कोपरा 31-32 राहिला की पुरे, म्हणजे आपला डिसेंबर-जानेवारी आयताच मिळतो. पण मादी तीन वर्षांची आणि दीड किलोच्या पुढे हवी, आणि तरीही एखादं वर्ष ती अंडी घालतच नाही. अशा वेळी लोक घाईने खाऊ घालून तिला फुगवतात, मग अंडी अडकतात आणि जीवावर बेततं. कृपा करून हे करू नका.

अंडी घातली की मात्र गणित उलटं होतं. कॉर्नच्या अंड्यांना 28 डिग्री पुरतात, पावसात खोलीच 26-28 असते, मी मासळीच्या थर्माकोल पेटीत ओलसर वर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारं हलकं खनिज) घालून कपाटावर ठेवतो, लाईट गेली तरी झोप लागते. बॉलच्या अंड्यांना साधारण 55-60 दिवस 31-32 सलग लागतात, जुलैत रात्रभर लाईट नसेल तर गरम पाण्याच्या बाटल्या बदलत बसायची तयारी हवी. बुरशीचा त्रास दोन्हीकडे सारखाच, झाकणाला घाम येऊन थेंब अंड्यावर पडतो तिथूनच सुरुवात होते. झाकण थोडं तिरकं ठेवा, थेंब कडेने ओघळतो. अंड्यावर वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करा आणि नंतर फिरवू नका. रात्री अंधारात टॉर्च टेकवला की गुलाबी कवचात लाल शिरांचं जाळं दिसतं, ते दिसलं की अंडं जिवंत.

बॉल पायथनची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, पैदाशीला वेगळं लायसन्स, ते आधी करा.

माझं मत विचाराल तर थर्मोस्टॅटचा फ्रिज जमवता येत असेल तर कॉर्न घ्या. तो जमत नसेल, पण घरी इन्व्हर्टर आहे आणि तीन वर्षं थांबायची तयारी आहे, तर बॉल पायथन. दोन्ही नसेल तर यंदा जोड लावूच नका, आहेत ते साप नीट सांभाळा.