सॉल्व्हंटसाठीचा स्पिल किट: पॅड झकास, फावडं भंगार

आमच्या स्टोअरमध्ये टोल्युइन आणि ॲसिटोन या चटकन पेटणाऱ्या सॉल्व्हंटचे (विरघळवणाऱ्या द्रवांचे) ड्रम असतात, म्हणून सांडलेला द्रव आवरायचा हा चाकांचा किट मागवला. टोल्युइनच्या ड्रमचा नळ गळला तेव्हा त्याची खरी परीक्षा झाली. आधी लांबुळके शोषक मोजे (शोषक भरलेल्या कापडी नळ्या) गटाराच्या तोंडाशी लावले, मग पॅड पसरले. पॅडनी द्रव झटकन ओढला, उचलताना ठिबकलाही नाही. इथे पैकीच्या पैकी.

पण सोबतचं फावडं साध्या लोखंडाचं! टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, साधारण ४ अंश सेल्सिअस. वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगतच पसरते. तिथे फरशीवर लोखंड घासायचं? ठिणगी न पाडणारं फावडं आम्ही वेगळं आणलं. हातमोजे नायट्राइलचे, ॲसिटोनपुढे टिकत नाहीत.

पत्रकावर 'आगीपासून संरक्षण' छापलंय, ते मनावर घेऊ नका. भिजलेला पॅडही पेटतो. तो झाकणाच्या धातूच्या डब्यातच टाकायचा. आगीसाठी फोम वेगळा ठेवा, आणि ॲसिटोन असेल तर अल्कोहोल-रोधकच (पाण्यात मिसळणाऱ्या द्रवांवरही टिकणारा), कारण साध्या फोमचा थर त्यावर टिकत नाही. विक्रेता म्हणाला, "साहेब, एकच फोम सगळ्याला चालतो." नाही चालत.