भूतानचं इंटरनेट चामोर्शीतून मोजताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

छोट्या देशात किती लोक कोणतं ॲप वापरतात, कोणत्या वेबसाइटवर जातात, याचा अंदाज देणारी साधनं गेल्या पावसाळ्यापासून मी जवळजवळ रोज वापरते आहे. पुण्यातल्या एका छोट्या संशोधन गटासाठी मी घरून काम करते आणि माझ्याकडे भूतान आहे. या साधनांबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुतेक भारत किंवा अमेरिका डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलं असतं. तिथे ही साधनं बऱ्यापैकी चालतात. देश लहान झाला की त्यांचे सांधे उघडे पडतात, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते आहे.

मी राहते चामोर्शीला, गडचिरोली जिल्ह्यात. भूतानमध्ये घरोघर जाऊन विचारणं मला शक्य नाही, पण साधनाने दिलेला आकडा कितपत खरा हे कुठेतरी तपासायला हवंच होतं. मग जिथे जमेल तिथे तेच साधन, त्याच पद्धतीने, मी आमच्या भागावर चालवायला लागले. भूतानची २०१७ च्या जनगणनेतली लोकसंख्या ७,२७,१४५. गडचिरोली जिल्ह्याची २०११ ची १०,७२,९४२. म्हणजे माणसांच्या हिशेबाने आमचा एकटा जिल्हा त्या देशाहून मोठा. विरळ वस्ती, डोंगर-जंगल, एका खोऱ्यात रेंज आणि पलीकडे शून्य, शाळेची भाषा एक आणि घरची दुसरी, हे सगळं दोन्हीकडे आहे. इथे साधन काय सांगतं ते पाहायचं, मग बाहेर पडून लोकांना विचारायचं, आणि फरक कुठे पडतो ते समजून घेऊन भूतानच्या आकड्याकडे वळायचं, अशी माझी रीत बसली.

सगळ्यात जास्त वापरलं ते स्टॅटकाउंटरचं ग्लोबल स्टॅट्स. फुकट आहे, लॉगिन लागत नाही, आलेख हलका असल्यामुळे आमच्या नेटवरही उघडतो आणि आकडे फाइलमध्ये उतरवून घेता येतात. त्याची पद्धत त्यांनी स्वतः उघड लिहून ठेवली आहे, आणि ती वाचल्याशिवाय एकही आकडा उचलू नये असं माझं ठाम मत आहे. जगभरातल्या १५ लाखांहून अधिक वेबसाइटवर त्यांचा मोजणीचा कोड बसवलेला आहे. त्या साइटवर उघडलेली पानं मोजली जातात, माणसं नाहीत. एकाच माणसाने दिवसभरात चाळीस पानं उघडली तर ती चाळीसच धरली जातात. सोशल मीडियाचा तक्ता तर आणखी अरुंद आहे. एखाद्या सोशल साइटवरच्या दुव्यावर बोट ठेवून कोणी या कोड बसवलेल्या साइटवर आलं, तरच ती भेट त्या सोशल साइटच्या खात्यात जमा होते.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. 'या देशात फेसबुक इतके टक्के' असं जे सर्रास लिहिलं जातं, तो त्या देशातल्या लोकांचा फेसबुकवरचा वेळ नसतो आणि खातीही नसतात. तो फेसबुकमधून बाहेर पडण्याचा वाटा असतो. ज्या ॲपमधून माणूस बाहेर पडतच नाही, ते या तक्त्यात दुबळं दिसणार. तासन्‌तास रील पाहणारा मुलगा एकाही दुव्यावर बोट ठेवत नाही, म्हणून तो मोजलाच जात नाही. व्हॉट्सॲपवरचं बोलणं तर या तक्त्यात मुळीच नसतं.

आमच्या बसस्टँडजवळ रिचार्ज मारून देणारा जो दुकानदार आहे, त्याला मी विचारलं होतं की नवा फोन घेतला की लोक आधी काय टाकून मागतात. तो म्हणाला, "फेसबुकचं नाव कोनी नाही घेत ताई. यूट्यूब चालते का, एवढंच पुसतेत." त्याच्या काउंटरवर तासभर बसलं तर यूट्यूब आणि व्हॉट्सॲप यांच्यापुढे बाकी सगळं किरकोळ वाटतं. साधनाचा भारताचा आलेख आणि हा काउंटर यांत एवढं अंतर का, याचं उत्तर वरच्या परिच्छेदात आहे. दोघेही खरं सांगत असतात, फक्त मोजायच्या गोष्टी वेगळ्या.

देश छोटा असला की आणखी एक अडचण येते. भूतानमधून कोड बसवलेल्या साइटवर होणाऱ्या भेटी मुळातच कमी. त्यात एखादी साइट एका महिन्यात चालली किंवा बंद पडली, तर देशभराचा वाटा वरखाली होतो. अशा उड्या पाहून 'भूतानमध्ये अमुक ॲपची लाट' असे मथळे देऊ नयेत. मी सलग महिन्यांची सरासरी घेते आणि ताजा महिना सोडून देते, कारण प्रसिद्ध केल्यानंतर ४५ दिवसांपर्यंत आकडे दुरुस्त होऊ शकतात, हेही त्यांनीच लिहून ठेवलेलं आहे. मोबाइल आणि कॉम्प्युटर यांच्या वाट्यासाठी, कोणता ब्राउझर चालतो यासाठी मात्र हे साधन मला भरवशाचं वाटतं. तिथे प्रश्न आणि मोजणी एकमेकांना लागून आहेत.

दुसरं मोठं साधन म्हणजे मेटाच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या कंपनीच्या, जाहिरात विभागातला प्रेक्षकसंख्येचा अंदाज. जाहिरात न देता, एक पैसा न भरता तो पाहता येतो. देश निवडायचा, वय निवडायचं, बाजूला 'इतके ते इतके' असा पट्टा येतो. आमच्याकडे नकाशावर पिन टाकून भोवतीचा परीघही धरता येतो, म्हणून पडताळणीसाठी मला हे फार उपयोगी पडलं. देशोदेशीच्या सोशल मीडियाचे जे वार्षिक अहवाल बातम्यांत येतात, त्यांतले फेसबुक-इन्स्टाग्रामचे पुष्कळ आकडे याच पट्ट्यावरून निघालेले असतात.

हा पट्टा जनगणनेशी जुळवून पाहू नये असं मेटा स्वतः सांगतं, आणि त्याला जुना इतिहास आहे. २०१७ मध्ये ब्रायन वीझर या विश्लेषकाने दाखवून दिलं की फेसबुकच्या जाहिरात साधनात अमेरिकेतले १८ ते २४ वयाचे ४ कोटी १० लाख लोक दिसत होते, आणि जनगणनेनुसार त्या वयाचे तरुण होते सुमारे ३ कोटी १० लाख. एवढ्या मोठ्या देशात एक कोटीची तफावत. भूतानसारख्या ठिकाणी त्याच कारणांनी टक्केवारी कुठल्या कुठे जाते. साधन 'इथे राहणारे किंवा नुकतेच इथे आलेले' असे दोघेही धरतं. २०१९ मध्ये भूतानला तीन लाखांहून अधिक पर्यटक गेले होते, त्यांतले बरेच भारतातले. सव्वासात लाखांच्या देशात एवढे पाहुणे येत असतील, तर हंगामाच्या महिन्यात पट्टा कोणाचा हे विचारायलाच हवं. मी अंदाज घेताना नेहमी हंगाम आणि बिगरहंगाम असे दोन्ही महिने टिपून ठेवते.

आणि खातं म्हणजे माणूस नव्हे. आमच्या ओळखीच्या एका घराचं सांगते. घरात फोन दोन. वडिलांच्या फोनवर व्हॉट्सॲप आणि कोणीतरी कधीतरी उघडून दिलेलं फेसबुक, जे ते क्वचितच पाहतात. मुलाच्या फोनवर इन्स्टाग्रामची दोन खाती, एक घरच्यांना माहीत असलेलं आणि एक मित्रांचं. आई बचत गटाची सचिव. तिचा गटाचा सगळा व्यवहार मुलाच्या फोनवरच्या व्हॉट्सॲपवर चालतो, दुपारी ती त्याच फोनवर मुलाच्याच नावाने यूट्यूबवर स्वयंपाकाचे आणि कीर्तनाचे व्हिडिओ पाहते. जाहिरात साधनाच्या लेखी या घरात इन्स्टाग्रामवर दोन तरुण आहेत, फेसबुकवर एक पुरुष आहे, आणि बाई कुठेच नाही. घरात सगळ्यात नियमित इंटरनेट वापरते ती तीच.

बायकांचा आकडा साधनांत नेहमी कमी येतो, त्यातला काही भाग खरा असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत, ग्रामीण भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २४.६ टक्के आणि पुरुषांपैकी ४८.७ टक्के जणांनी कधीतरी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं होतं. ही दरी आहेच. पण दुसऱ्याच्या नावाने वापरणाऱ्या बायका खात्यांच्या मोजणीत मुळातच धरल्या जात नाहीत, आणि जाहिरात साधनावरून काढलेली दरी त्यामुळे आणखी रुंद दिसते. भूतानसाठी स्त्री-पुरुष वाटा लिहिताना मी ही गोष्ट अहवालात ठळक टाकली आणि ती काढायला नकार दिला.

भाषेचंही तसंच. भूतानमध्ये वीचॅट हे चिनी गप्पांचं ॲप खूप पसरलं त्यामागे त्यातल्या आवाजी निरोपांचा मोठा हात आहे. झोंगखा ही तिथली राष्ट्रभाषा टाइप करणं अवघड, बोलून पाठवणं सोपं. हे मला वाचून कळलं असतं, पण पटलं ते आमच्याच जिल्ह्यातल्या भामरागड-एटापल्लीकडच्या मुली माडिया या आदिवासी बोलीत एकमेकींना व्हॉइस मेसेज टाकताना पाहिल्यावर. त्या भाषेत लिहिलेलं इंटरनेटवर शोधायला गेलात तर जवळपास काही हाती लागत नाही, आणि बोलणं मात्र दिवसभर चालू असतं. पानं मोजणाऱ्या किंवा शोधशब्द मोजणाऱ्या कोणत्याही साधनाला हा वापर दिसत नाही.

वेबसाइटच्या भेटींचा अंदाज देणाऱ्या साधनांवर माझा विश्वास कमी आहे. एका सशुल्क साधनाचं वर्गणीचं बिल गटाने भरलं होतं, नाव देत नाही. भूतानच्या एका छोट्या साइटसाठी ते एकेरी अंकापर्यंत नेमका आकडा द्यायचं, आणि पुढच्या महिन्यात त्याच साइटपुढे 'पुरेशी माहिती नाही' असं यायचं. माहिती पुरेशी नव्हती तर आधीच्या महिन्यात इतका नेमका आकडा आला कुठून, असं मी विचारलं. उत्तर आलं ते छापील होतं. वर्गणी आम्ही पुढे चालू ठेवली नाही. ज्या साधनाला आपला अंदाज किती डळमळीत आहे हे सांगता येत नाही, त्याच्यावर पैसे घालवू नयेत. जुने अहवाल चाळताना अलेक्साची वेबसाइट-क्रमवारी अजून भेटते. ती सेवा १ मे २०२२ ला बंद झाली, तिचे आकडे आता वापरूच नका.

शिवाय साइटच्या भेटी आणि देशाचा वापर या दोन निराळ्या गोष्टी. भूतानमधले कितीतरी तरुण ऑस्ट्रेलियात गेले आहेत, पर्थमध्ये त्यांची मोठी वस्ती आहे. राजधानी थिंफूची बातमी पर्थमध्ये वाचली जाते. साइटच्या एकूण भेटी पाहून 'भूतानमध्ये एवढे वाचक' म्हणणं चूक. आमच्याकडे उन्हाळ्याच्या तोंडाशी मिरची तोडायला मंडळी तेलंगणात जातात, फोन सोबत घेऊनच. तेव्हा इथला परीघ रिकामा होतो आणि तिकडचा भरतो.

बाकीची थोडक्यात. गुगल ट्रेंड्स शून्य ते शंभर असं सापेक्ष माप देतं. शोध फार कमी असले तर शून्य दिसतं, म्हणजे कोणीच शोधलं नाही असं नव्हे. एकाच देशात दोन शब्दांची तुलना करायला ठीक. क्लाउडफ्लेअर या नेट-सेवा कंपनीचं रडार हे फुकट साधन नेट कधी कोलमडलं हे पाहायला उत्तम. एपनिक, म्हणजे आशिया-पॅसिफिकमध्ये इंटरनेटचे पत्ते वाटणारी संस्था, तिचे आकडे कोणत्या कंपनीच्या जाळ्यावर किती लोक हे छान दाखवतात, आणि भूतानमध्ये भूतान टेलिकॉम आणि ताशीसेल अशा दोनच मोठ्या मोबाइल कंपन्या असल्यामुळे चित्र लगेच समजतं. पण देशात एकूण किती जण इंटरनेटवर आहेत हा आकडा ते बाहेरून घेतात, म्हणून त्याच आकड्याला दुजोरा म्हणून ते दाखवता येत नाहीत.

या बाबतीत भूतान आमच्यापेक्षा सुखी आहे, हे मला कामाच्या ओघात उमगलं. तो देश आहे म्हणून प्रत्येक साधनात त्याचं स्वतंत्र नाव आहे. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या मासिक अहवालात आम्ही 'महाराष्ट्र' सर्कलमध्ये (दूरसंचार विभागात) असतो, ज्यात गोवाही येतो आणि मुंबई निराळी. विदर्भाचे अकरा जिल्हे तिथे वेगळे निघत नाहीत. मोबाइल नेटचा पत्ता बऱ्याचदा कंपनीच्या दूरच्या शहराचा दिसतो, म्हणून इथल्या माणसाची भेट नागपूर किंवा मुंबईच्या नावावर पडते. आणि भाजक अजून २०११ चाच. पुढची जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भ दिवसाची आहे, तोवर टक्केवारी काढताना जुन्याच लोकसंख्येने भागायचं.

पुण्याहून मला एकदा विचारलं गेलं की देश एवढा छोटा, तर थोड्या लोकांना फोन करून भागणार नाही का. नाही भागत. चारशे जण यादृच्छिक पद्धतीने निवडले, तर चूक साधारण पाच टक्के अंक इकडेतिकडे राहते, मग देश सव्वासात लाखांचा असो की दीडशे कोटींचा. लहान देशाला नमुन्यात सूट मिळत नाही. उलट एकाच गावातून दहा जण घेतले तर ते एकमेकांसारखेच निघतात आणि नमुना आणखी मोठा करावा लागतो. पण असे चारशे जण खरोखर नीट निवडले, तर वरच्या सगळ्या साधनांपेक्षा ते जास्त सांगतात. गटाने पुढच्या फेरीसाठी थिंफूतल्या एका स्थानिक चमूकडून अशी पाहणी करून घ्यायचं ठरवलं आहे, आणि सशुल्क साधनाचे पैसे तिकडे वळवले आहेत.

मी स्टॅटकाउंटर आणि मेटाचा पट्टा दोन्ही चालू ठेवणार आहे. ज्यांना जिल्ह्यातल्या दुकानासाठी किंवा शेतकरी गटासाठी जाहिरात करायची आहे, त्यांना मेटाचा पट्टा पुरेसा आहे. मधल्या आकड्यावर न जाता खालच्या टोकाचा आकडा धरा. ज्यांना अहवाल लिहायचा आहे, त्यांनी प्रत्येक आकड्यापुढे तो पानांचा आहे, खात्यांचा आहे की माणसांचा हे लिहावं, आणि कोणत्या तारखेला घेतला तेही. मिरची तोडून मंडळी परत आली की चामोर्शीभोवतीचा तोच परीघ पुन्हा टाकून पाहणार आहे. फरक किती पडतो ते इथेच खाली जोडेन.