छाटलेल्या ॲपची चाचणी: आतून घ्यावी की बाहेरून?

ऑक्टोबरात लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक वाढते आणि आमच्या बाजारभावाच्या ॲपवर पहाटेपासून वर्दळ सुरू होते. अशाच एका ऑक्टोबरात आम्ही नवी आवृत्ती सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी औशाकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला, "दादा, समद्या मालाचा भाव शून्यच दिसायलाय."

चाचण्या तर सगळ्या हिरव्या, म्हणजे पास, होत्या. पण त्या चालल्या होत्या डीबग बिल्डवर (ॲप बनवताना वापरायची, न छाटलेली प्रत), आणि लोकांच्या फोनवर गेलं होतं आर-एटने छाटलेलं रिलीज बिल्ड. आर-एट म्हणजे न लागणारा कोड काढून आणि कोडमधली नावं आखूड करून ॲप लहान करणारं अँड्रॉइडचं साधन. सर्व्हरकडून आलेला मजकूर जीसॉन ही लायब्ररी फील्डच्या नावावरून ओळखून भरते. आर-एटने ती नावं बदलून 'ए', 'बी' अशी एका अक्षराची केली होती. नाव जुळलं नाही, म्हणून आकड्याच्या जागी शून्य राहिलं. ॲप कोसळलंही नाही, त्यामुळे क्रॅशच्या अहवालात काहीच आलं नाही. ज्याला त्या भावावर माल विकायचा की ठेवायचा हे ठरवायचं होतं, त्याला आमच्यामुळे चुकीचा आकडा दिसला. ते अजून मनातून गेलेलं नाही.

मग छाटणीच बंद करावी का? आमच्या लोकांचे फोन स्वस्तातले, साठवण भरलेली, गावात नेटवर्क एका काडीचं. तिथे ॲप लहान असणं ही गरज आहे. शिवाय ॲप बांधणाऱ्या अँड्रॉइड ग्रेडल प्लगिनच्या ३.४ आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, प्रोगार्ड या जुन्या छाटणीच्या साधनाच्या जागी आर-एटच येतो, आणि २०२३ च्या ८.० पासून त्याचा जास्त कडक 'फुल मोड' आपोआप चालू असतो. तेव्हा प्रश्न उरतो तो छाटलेलं ॲप तपासायचं कसं एवढाच. वाटा तीन आहेत.

पहिली वाट बहुतेक जण धरतात: चाचण्या डीबगवर आणि रिलीजवर हाताने एक फेरफटका. खर्च शून्य, वेग उत्तम, चूक कुठे आहे हे लगेच कळतं. पण छाटणीमुळे होणारी एकही चूक यात यंत्राला सापडत नाही. सगळी भिस्त हाताने बघणाऱ्याच्या डोळ्यांवर. शनिवारी संध्याकाळी घाईत केलेला फेरफटका कसा असतो, हे मी वेगळं सांगायला नको. ॲप दोनचार पडद्यांचं असेल आणि रिफ्लेक्शन वापरणारी, म्हणजे जीसॉनसारखी कोडमधल्या नावांवर चालणारी लायब्ररी नसेल, तरच ही वाट धरा.

दुसरी वाट म्हणजे एस्प्रेसो या ॲपच्या आतून तपासणाऱ्या साधनाच्या त्याच चाचण्या छाटलेल्या बिल्डवर चालवणं. ग्रेडलमध्ये 'टेस्ट बिल्ड टाइप' बदलायचा, की चाचण्या डीबगऐवजी त्या बिल्डवर जातात. यासाठी रिलीजची नक्कल करून 'स्टेजिंग' नावाचा प्रकार बनवतात आणि सही डीबगच्या किल्लीने करतात. इथवर सोपं. खरी डोकेदुखी नंतर सुरू होते.

एस्प्रेसोच्या चाचण्या वेगळ्या एपीकेत (फोनवर बसवायच्या फाइलीत) असल्या तरी चालतात ॲपच्याच प्रोसेसमध्ये. दोघांना लागणारी लायब्ररी चाचणीच्या एपीकेत पुन्हा भरली जात नाही, ॲपमधलीच वापरली जाते. आर-एट मात्र ॲप छाटताना फक्त ॲपची गरज बघतो. कोटलिन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं एखादं फंक्शन चाचणीला लागतं पण ॲपला लागत नाही, तर ते उडतं आणि चाचणी 'नो सच मेथड एरर' देऊन पडते. ॲप ठणठणीत असतं आणि तुम्ही रात्रभर नसलेला बग शोधत बसता. आम्ही पहिला आठवडा यातच घालवला. त्यात आणखी एक गोंधळ: 'टेस्ट प्रोगार्ड फाइल्स'मध्ये लिहिलेले नियम चाचणीच्या एपीकेला लागू होतात, ॲपला नाही. तिथे कितीही 'कीप' (हे छाटू नको) लिहा, ॲपमधून उडालेलं परत येत नाही.

स्लॅक या कंपनीने यासाठी 'कीपर' नावाचं प्लगिन मोफत खुलं केलं आहे. चाचणीचा कोड ॲपमधल्या कशाकशाला हात लावतो ते शोधून, तेवढेच कीप नियम ते स्वतः तयार करतं. काम चांगलं करतं. तरी एक गोष्ट उरतेच: चाचणीसाठी जे राखलं, ते लोकांकडे जाणाऱ्या बिल्डमध्ये राखलेलं असेलच असं नाही. म्हणजे तपासलेलं आणि पाठवलेलं यात थोडा फरक राहतो. हा फरक वाढवणारा सर्वांत वाईट उपाय म्हणजे स्टेजिंगमध्ये 'डोन्ट ऑबफस्केट' लिहून नावं बदलणंच थांबवणं. चाचण्या लगेच हिरव्या होतात, आणि आमचा शून्य भावाचा बग बिनबोभाट सुटून जातो.

तिसरी वाट बाहेरून तपासण्याची. ॲपियम, माएस्ट्रो किंवा स्वतंत्र चाचणी मॉड्यूलमध्ये ठेवलेलं यूआय ऑटोमेटर ही साधनं वेगळ्या प्रोसेसमधून, माणसासारखी पडदा बघून बोट लावतात. ॲपच्या आतल्या नावांशी त्यांचा संबंध नसल्याने चाचणीसाठी एकही कीप नियम लागत नाही. जे एपीके पाठवायचं तेच तपासता येतं. माएस्ट्रोच्या पायऱ्या साध्या यामल फाइलमध्ये, म्हणजे ओळीओळीने लिहिलेल्या मजकुरात असतात, त्यामुळे कोटलिन न येणारी आमची टेस्टरताईही त्या लिहिते. तोटे आहेतच: आत खोटा डेटा घुसवता येत नाही, चाचणीचा सर्व्हर लागतो, वेळ जास्त लागतो, आणि नेटवर्क रेंगाळलं की उगाच अपयश येतं. कंपोज (अँड्रॉइडचे पडदे बनवायचं साधन) वापरत असाल तर टेस्ट टॅग, म्हणजे चाचणीसाठी बटणांना वगैरे दिलेली नावं, रिसोर्स आयडी म्हणून उघड करावे लागतात, नाहीतर बाहेरून ते दिसतच नाहीत.

मराठी ॲपवाल्यांसाठी एक खास खड्डा. 'शेतकऱ्याचे' यातला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा 'र' आणि खाली नुक्ता म्हणून. डोळ्याला दोन्ही सारखे, साधनाला वेगळे. तेव्हा मराठी मजकुरावरून बटण शोधू नका, आयडीवरून शोधा.

तीन-चार जणांची टीम असेल तर माझा कौल स्पष्ट आहे: एस्प्रेसो डीबगवरच राहू द्या आणि बाहेरून चालणाऱ्या पाच-सहा चाचण्या प्रत्येक प्रकाशनाआधी रिलीज बिल्डवर चालवा. त्या पाच-सहा कोणत्या, हे मात्र विचार करून ठरवा. सर्व्हरकडून मजकूर येऊन पडद्यावर उमटतो, लॉगिन होतं, जुनी माहिती फोनमधून वाचली जाते, या जागा छाटणीत दुखावतात. पडदा उघडला एवढं बघून थांबू नका, त्यावरचा आकडा तपासा. दुसरी वाट घ्यावी ती एस्प्रेसोच्या शेकडो चाचण्या आधीच असलेल्या आणि बिल्डकडे बघायला एक माणूस मोकळा असलेल्या टीमने. पैशांचे व्यवहार असतील तर दोन्ही.

कोणतीही वाट घ्या, प्रत्येक बिल्डची मॅपिंग फाइल (बदललेलं नाव मूळ कोणतं, याची यादी) जपून ठेवा. ती नसेल तर क्रॅशच्या अहवालात नुसतं 'ए.बी.सी' दिसतं. आणि डीबगच्या किल्लीने सही केलेल्या स्टेजिंगवर गूगल लॉगिन चाललं नाही, तर दोष छाटणीला देण्याआधी त्या किल्लीची गूगलकडे नोंद केली आहे का ते बघा.