बंदूक-काडतुसांच्या दुकानातला दीड तास

यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरच्या जंगलाला लागून आमचे शेत आहे आणि वडिलांच्या काळापासून घरात पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअरची दुनळी बंदूक आहे. काडतुसे घेणे, किरकोळ दुरुस्ती आणि निवडणुकीच्या काळात बंदूक जमा ठेवणे या तीन कामांसाठी मी गेली बारा वर्षे शहरातील एकाच जुन्या दुकानात जातो. पुढे एक तक्रारही लिहिली आहे, म्हणून दुकानाचे नाव देत नाही.

दुकानाबद्दल सर्वांत जास्त ऐकू येणारी कुरकुर वेळेची आहे. यंदा तुरीला शेंगा धरल्यावर मी दहा काडतुसे आणायला गेलो, तर दीड तास लागला. मालकांनी परवान्याची मुदत पाहिली, एका वेळी आणि वर्षभरात किती काडतुसे मंजूर आहेत ते वाचले, मागच्या खरेदीच्या रिकाम्या पुंगळ्या टेबलावर ओळीने उभ्या करून मोजल्या, मग तीच नोंद एकदा परवान्यावर आणि एकदा जाडजूड रजिस्टरात केली. माझ्या आधीच्या गृहस्थांचा परवाना दोन महिन्यांपूर्वी संपला होता. ते ओळखीचे, वयाने मोठे आणि बरेच चिडलेले होते. तरीही मालकांनी हात जोडून त्यांना रिकाम्या हाती परत पाठवले. माझा बराचसा वेळ त्या वादातच गेला.

माझा भाचा टेक्सासमध्ये असतो. तिथे दुकानात एक फॉर्म भरला की संगणकावरून ग्राहकाची गुन्हेगारी नोंद तपासली जाते आणि बहुतेकांना काही मिनिटांत बंदूक हातात मिळते, असे तो सांगतो. पूर्वी मला त्याचा हेवा वाटत असे. मात्र अमेरिकेत माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत, दर शंभर माणसांमागे सुमारे १२०, आणि २०२१ या एका वर्षात तिथे ४८ हजारांहून अधिक लोक गोळीने मेले. त्यांतील निम्म्याहून अधिक मृत्यू आत्महत्येचे होते, हे वाचल्यावर आमच्या भागातला माणूस थबकतोच, कारण दुःखाच्या घटकेला घरात हाताशी काय असते यावर किती अवलंबून असते, हे कीटकनाशकाच्या डब्यांनी आम्हांला शिकवले आहे.

दुसऱ्या टोकाला जपान आहे. तिथे शिकारीची बंदूक हवी असली तरी लेखी परीक्षा, नेमबाजीची चाचणी आणि मानसिक तपासणी यांतून जावे लागते, बंदूक व काडतुसे वेगवेगळ्या कुलपांत ठेवावी लागतात. खुनाचे प्रमाण तिथे लाखामागे पाव खुनाच्या आसपास आहे. अमेरिकेत २०२१ मध्ये ते सहाच्या वर होते. माजी पंतप्रधान शिंझो आबे यांच्यावर २०२२ मध्ये गोळी झाडणाऱ्यालाही घरीच नळ्या जोडून हत्यार बनवावे लागले. ऑस्ट्रेलियात १९९६ मध्ये पोर्ट आर्थर येथे ३५ जण मारले गेल्यावर सरकारने कायदा कडक केला आणि साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या.

एवढ्यावरून कायदा कडक म्हणजे खून कमी असे गणित मांडण्याचा मोह होतो, पण मेक्सिको ते बिघडवतो. तिथे बंदुकीची कायदेशीर दुकाने एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि ती लष्कर चालवते. तरीही सीमेपलीकडून चोरून आलेल्या हत्यारांमुळे तेथील खुनांचे प्रमाण अमेरिकेच्या कितीतरी पट आहे. स्वित्झर्लंडमध्ये घरोघरी बंदुका बऱ्याच असूनही खून फार थोडे होतात. आपल्याकडे २०२२ मध्ये खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले, म्हणजे लाखामागे सुमारे २.१. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, पेटलेल्या भांडणात आमच्याकडे कुऱ्हाड निघते, आणि तिला परवाना लागत नाही. माझ्या मते कायद्याच्या शब्दांइतकेच महत्त्व हत्यार एका हातातून दुसऱ्या हातात जाते त्या जागेला आहे, आणि तशी जागा म्हणून हे दुकान चोख आहे. त्या चिडलेल्या गृहस्थांना परत पाठवताना मालकांचे एक गिऱ्हाईक तुटले असेल.

मालाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. काडतुसे छापील दराने मिळतात, पक्की पावती मिळते, जुनी पडून राहिलेली काडतुसे गळ्यात मारत नाहीत. नवख्या परवानाधारकाला ते दोन गोष्टी आवर्जून सांगतात: पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे रानडुक्कर किंवा रोही (नीलगाय) मारण्याची मुभा नव्हे, त्यासाठी वनविभागाची परवानगी वेगळी लागते, आणि लग्नात हौसेने बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दुरुस्तीचे काम मात्र संथ आहे. चापाची स्प्रिंग बदलायला मला तीन खेपा पडल्या.

खरी तक्रार जमा ठेवण्याच्या सेवेची आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता मार्चमध्ये लागली, तेव्हा मी बंदूक येथे ठेवली आणि जूनमध्ये पहिल्या पावसानंतर परत घेतली. उजव्या नळीच्या तोंडाशी रुपयाएवढा गंज चढला होता. भाडे पूर्ण घेतले होते, तेल मात्र एकदाही लावले नव्हते, आणि विचारल्यावर ‘हवाच तशी होती’ एवढेच उत्तर मिळाले. पुंगळी न् पुंगळी मोजणाऱ्या माणसाकडून हे अपेक्षित नव्हते. पाचपैकी साडेतीन गुण देतो. दीड गुण कापला आहे तो या गंजासाठी आणि स्प्रिंगच्या खेपांसाठी, रांगेतल्या वेळेसाठी नव्हे. येथे बंदूक जमा करणार असाल तर नळीला आतून-बाहेरून स्वतः तेल लावून न्या, मालकांसमोर फोटो काढा आणि पावतीवर ‘गंज नाही’ असे लिहून घ्या. लिहून द्यायला ते कुरकुरत नाहीत.