एकाच शंटवर दोन मीटर: आठ महिने वापरल्यानंतर

आमच्या हँगरमधल्या एका चार आसनी, एक इंजिनाच्या विमानात आठ महिन्यांपूर्वी करंट मोजणारा डिजिटल अ‍ॅमीटर बसला. जुना काट्याचा मीटर काढायचा की ठेवायचा यावर बराच खल झाला. शेवटी पॅनेलवर जागा होती आणि कागदपत्रांतही अडचण नव्हती, म्हणून तो राहिला. दोघांच्या वायरी वेगळ्या, पण ज्यावरून करंट कळतो तो शंट एकच. तेव्हापासून इंजिन रन-अपला, म्हणजे उड्डाणाआधी इंजिन चालवून तपासताना, मी दोघांकडे आळीपाळीने बघतो. आता थोडं बोलायचा हक्क मिळालाय असं वाटतं.

मीटर विकणारे सहसा सांगत नाहीत ती गोष्ट आधी. या दोघांपैकी एकही थेट करंट मोजत नाही. करंट जातो तो शंटमधून, म्हणजे जाड वायरीच्या मध्ये बसवलेल्या धातूच्या पट्टीतून. आमचा शंट 60 अ‍ॅम्पिअर, 50 मिलिव्होल्टचा आहे. म्हणजे 60 अ‍ॅम्पिअर वाहिले की त्याच्या दोन टोकांत 50 मिलिव्होल्टचा फरक पडतो. रेझिस्टन्स काढला तर एक मिलिओहमही भरत नाही, 0.83 येतो. काट्याच्या मीटरमधली कॉइल 50 ओहमची आहे, ती 1 मिलिअ‍ॅम्पिअरला पूर्ण वळते. लोहचुंबकाच्या दोन टोकांमध्ये टांगलेली कॉइल, तिला मागे ओढणारी केसासारखी स्प्रिंग आणि वर काटा, एवढाच कारभार. डिजिटल मीटर तेच मिलिव्होल्ट घेतो आणि आतली चिप त्यांचा आकडा करते.

पहिल्या महिन्यात मी डिजिटलच्या प्रेमातच पडलो. पिटो हीट (वेग मोजणाऱ्या नळीचा हीटर) चालू केली की किती अ‍ॅम्पिअर वाढले ते दशांशात दिसतं. काट्यावर 9 वाढले की 10, हे मान वाकडी करून ठरवावं लागायचं. उजव्या सीटवरून बघितलं तर आणखीच वेगळं. त्यात काट्याच्या मीटरची अचूकता पूर्ण स्केलच्या 2 टक्के, म्हणजे 60 च्या स्केलवर कुठेही 1.2 अ‍ॅम्पिअर इकडेतिकडे. 50 अ‍ॅम्पिअरला ते चालून जातं. 5 अ‍ॅम्पिअरला तो निव्वळ अंदाज होतो. लँडिंग लाइट एलईडी केल्यापासून तर तो लावल्यावर काटा जेमतेम हलतो.

मग एकदा फसलो. रन-अपच्या वेळी डिजिटलवर 11 दिसले, म्हटलं बॅटरी चार्ज होतेय. प्रत्यक्षात तिथे उणे 11 होतं. उणेचं चिन्ह इतकं बारीक की उन्हात दिसलंच नाही. वीज बनवणारा अल्टरनेटर बंद होता आणि सगळा भार बॅटरीवर. व्होल्टमीटर 14 च्या जागी 12.3 दाखवत होता म्हणून वेळीच कळलं. आमचा काट्याचा मीटर मध्यावर शून्य असलेला आहे, डावीकडे डिस्चार्ज, उजवीकडे चार्ज. काटा डावीकडे पडलेला असताना मी तिकडे बघितलंच नव्हतं, हा दोष माझा. पण चिन्ह एवढं लहान ठेवणाऱ्यालाही दोन शब्द सुनवावेसे वाटतात.

स्ट्रोब लाइट, म्हणजे विमानाचे लखलखणारे दिवे, लावले की दोघांचा स्वभाव उघडा पडतो. प्रत्येक फ्लॅशला काटा एक झोका घेतो, लयीत. डिजिटलवर 18.2, 19.7, 18.6 असे आकडे नाचतात, कारण तो सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो. त्यातून काही समजत नाही. नुसता डोक्याला ताप.

खरी मजा चौथ्या महिन्यात आली. रात्रीच्या उड्डाणाचा सगळा लोड लावला तर डिजिटल 30.2 म्हणतो आणि काटा 27 वर. सगळ्यांनी एकमताने काट्याला म्हातारा ठरवलं. मीटर उतरवून टेबलावर तपासला, तर ठणठणीत. मग शंटपासून मीटरपर्यंतच्या बारीक वायरीत असलेला फ्यूज होल्डर उघडला. आतल्या क्लिपवर हिरवट थर. मोजला तर जवळपास 5 ओहम जास्तीचे. 50 ओहमच्या कॉइलपुढे 5 ओहम म्हणजे काटा 9 टक्के कमी दाखवणारच. डिजिटलचा इनपुट मेगाओहममध्ये असतो, त्याला 5 ओहमने काय फरक पडतो! शिवाय त्याचा फ्यूज वेगळा. होल्डर बदलला आणि काटा 30 वर जाऊन बसला.

सहाव्या महिन्यात उलट झालं. शंटजवळ दुसरंच काम करताना कुणीतरी मीटरच्या वायरी लहान स्क्रूवरून काढून मोठ्या बोल्टखाली दाबल्या होत्या. तो बोल्ट पुरता आवळलेला नव्हता. दोन्ही मीटर छान जुळत होते, 22 च्या आसपास. पण त्या लोडला नेहमी 20 असायचे, म्हणून क्लॅम्प मीटर, म्हणजे वायर न तोडता ती जबड्यात धरून करंट मोजणारा मीटर, लावला. तो 20 म्हणाला. सैल जोडाचा 0.1 मिलिओहमसुद्धा शंटच्या 0.83 मध्ये मिसळला की आकडा 12 टक्क्यांनी फुगतो. दोन साक्षीदार होते, पण दोघांनी ऐकलं होतं एकाच तोंडून. म्हणून शंटवर मोठे बोल्ट जाड वायरींना आणि बारीक स्क्रू मीटरला, ही विभागणी पाळायचीच.

क्लॅम्पबद्दल एवढंच: डीसीसाठी हॉल सेन्सरवाला (वायरीभोवतीचं चुंबकीय क्षेत्र ओळखणारा) लागतो, आणि वायर जबड्यात घेण्याआधी शून्य करावा लागतो. मी विसरलो की हमखास अर्धा-पाऊण अ‍ॅम्पिअर फुकटचा दाखवतो. मोठ्या विमानांत 115 व्होल्ट, 400 हर्ट्झ एसी असते. तिथे एकदा हाच क्लॅम्प लावला आणि आकडा पॅनेलशी काही केल्या जुळेना. पुस्तिका नंतर उघडली (नेहमीप्रमाणे). एसीसाठी त्याची मर्यादा 45 ते 65 हर्ट्झ होती. घेण्याआधी ती ओळ वाचा.

काट्याच्या मीटरची कुरकुर विचाराल तर आतला दिवा दोनदा गेला. डिजिटलला मास्टर स्विच बंद असताना काहीच दिसत नाही, आणि कडक उन्हात स्क्रीन फिकट पडतो. तरीही दोन्ही ठेवणार.

शेजारच्या विमानात आता शंटच नाही. जाड वायर हॉल सेन्सरच्या कडीतून ओवलेली असते, कुठे तोडलेली नाही, शंटसारखी उष्णता नाही. 60 अ‍ॅम्पिअरला आमचा शंट 3 वॉट तापतो, तो प्रश्न तिथे नाही. फक्त कडीवर एक छोटा बाण छापलेला असतो. वायर उलटी ओवली की चार्ज होणारी बॅटरी डिस्चार्ज दिसते. परवा झाकण लावण्याआधी टॉर्च मारून तो बाण बघितला, आणि बरं झालं बघितला.