पॅक-१२ की बिग टेन: यूसीएलएपुढचा पेच

लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाने घरची पॅक-१२ सोडून २०२४ मध्ये बिग टेन का धरली, हे भाचीला अजून पटत नाही. दोन्ही कॉलेज खेळांच्या कॉन्फरन्स, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांचे गट.

पैशात तुलनाच नाही. बिग टेनचा २०२२चा टीव्ही करार सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरांच्या वरचा. पॅक-१२कडे २०२३ मध्ये उरला तो मुख्यतः अ‍ॅपलच्या स्ट्रीमिंगचा प्रस्ताव. त्यात यूसीएलएचा क्रीडा विभाग आधीच तोट्यात.

प्रवासाचं मात्र उलटं. तेव्हाच्या पॅक-१२मधली स्टॅनफर्ड, बर्कली विमानाने तासाभरावर; बिग टेनमधलं रटगर्स थेट न्यू जर्सीत, घड्याळ तीन तास पुढे. फुटबॉल (अमेरिकन) आठवड्यातून एकदाच. सॉफ्टबॉलच्या मुलींचे सामने जास्त, वर्गातले तासही त्यांचेच बुडतात. हे मला फार खुपतं.

फुटबॉलच्या पैशावर बाकीचे खेळ जगवायचे असतील तर बिग टेनच. फुटबॉलवर मदार नसेल तर जवळची कॉन्फरन्स बरी.