संध्याकाळ एकच : व्याख्यान की वादन?

विद्यापीठाचे पुढच्या महिन्याचे कार्यक्रमपत्रक पाहिले की पंचाईत बहुधा हीच असते. एका सभागृहात पाहुण्या प्राध्यापकांचे जाहीर व्याख्यान आणि त्याच वेळी दुसऱ्या सभागृहात संगीत विभागातल्या कुणा विद्यार्थ्याचे पदवीसाठीचे वादन. दोन्ही तासाभराचे, दोन्हीकडे बहुतेक वेळा प्रवेश खुला.

कितीतरी वर्षे मी डोळे झाकून व्याख्यानालाच जायचो. ते सुटले, पण वक्त्यांमुळे नव्हे, परिचयामुळे! पत्रकावर वेळ सहाची. सहा दहाला विभागप्रमुख उठतात आणि जे परिचय करून देणार त्यांचाच परिचय करून देतात. मग आपल्या हातातल्या कागदावर जे छापलेले असते तेच, पदव्या-पुरस्कार-समित्यांसकट, वाचून दाखवले जाते. एकदा मी घड्याळ पाहत बसलो, तर वक्त्या बाई बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा सहा एकतीस झाले होते. शेवटी ‘वेळेअभावी दोनच प्रश्न घेऊ’. माझा हात वरच राहिला.

जर्मन विद्यापीठे निदान कबूल तरी करतात. वेळेपुढे ‘सी. टी.’ लिहिले, की पंधरा मिनिटांनी सुरू होणार हे सगळे जाणून असतात. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये तर शास्त्रज्ञ फॅरडेंच्या काळात, १८२०च्या दशकात सुरू झालेल्या शुक्रवारच्या व्याख्यानांची रीतच अशी, की वक्ता आत येतो आणि परिचयाविना थेट विषयावर बोलू लागतो. म्हणजे मनात आणले तर जमते.

वादनाला परीक्षक बसलेले असतात, त्यामुळे वेळ पाळावीच लागते. परवा ऐकलेली चेलोवाली (चेलो म्हणजे व्हायोलिनच्याच जातीचे मोठे वाद्य) मुलगी आली, डावा तळवा पँटला पुसला, तारा एकदा तपासल्या आणि सुरू झाली. जर्मन संगीतकार बाखची सहा भागांची रचना होती. दुसऱ्या भागात तार तुटली. ती आत गेली, नवी लावून आली. पण नवी तार उतरत राहते, म्हणून उरलेल्या प्रत्येक भागाआधी तिने खुंटी पिळली. तेवढ्या दोन-चार सेकंदांत सभागृहात कुणी खोकलेसुद्धा नाही.

हात नवखे असतात, हे मान्य. सूर घसरतात, कार्यक्रमात एखादी रचना डोक्यावरून जाते. शिवाय ज्यांचे लेखन तुम्ही आधी वाचले आहे असे कुणी व्याख्यानाला येत असतील, तर बिनदिक्कत तिकडेच जा, मीही जाईन. एरवी व्याख्यानाचे चित्रीकरण बरेचदा नंतर पाहायला मिळते आणि त्यात परिचय गाळून पुढे जाता येते. विद्यार्थ्याचे वादन मात्र सहसा त्या संध्याकाळपुरतेच.

जाणार असाल तर दहा मिनिटे आधी पोचा. दार लागले की पहिली रचना संपेपर्यंत बाहेर उभे राहावे लागते. व्याख्यानाला उशीर झाला तर काहीच बुडत नाही, तेव्हा परिचयच चालू असतो.